समोरच्या दारातून

तीर्थरूप आईस, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खांदा जरासा सुजलाय, पण काळजी करू नकोस.

आमच्या हॉटेलच्या लाँड्रीतली मावशी गेली. वीस वर्षं ती इथल्याच तळघरात राहायची. मॅनेजर म्हणाला, "शवपेटी मागच्या दारानं काढा, पाहुणे बघतील."

"बघू देत की," मी म्हटलं. "त्यांच्या चादरी तिनंच धुतल्यात."

आम्ही लाँड्रीतल्या सहाजणींनी खांदा दिला आणि भर दुपारी गालिच्यावरून तिला समोरच्या दारानं नेलं. दरवानानं टोपी काढली आणि दोन्ही दारं सताड उघडली.

मला कामावरून काढलंय. काढू दे! सध्या मैत्रिणीकडे राहतेय, काम शोधतेय. बाबांना एवढ्यात सांगू नकोस. त्यांचा खोकला कसा आहे?

पेटी जड होती गं आई, पण एकीचंही पाऊल अडखळलं नाही.

तुझीच हट्टी,
धाकटी