एका चुलीवरचे

५ मे

झालं! सुट्टी गेली. शिक्षक म्हटलं की जनगणनेचं काम पाचवीला पुजलेलंच. दिवसभर प्रशिक्षण, आणि पंख्याखालच्या खुर्च्या लवकर आलेल्यांनी पटकावलेल्या.

साहेबांनी कुटुंबाची व्याख्या सांगितली. "नातं बघायचं नाही. एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. घर एक आणि चुली दोन, तर कुटुंबं दोन."

सगळे माना डोलवत होते. मी वहीत डोकं घातलं. आमच्या घरात चुली दोन आहेत! वर माझी, म्हणजे मी, नवरा योगेश आणि लेक तेजू; खाली एकट्या सासूबाईंची. दिवाळीत पाहुण्यांसमोर मी म्हटलं, आईंच्या हातचं तिखट पोटाला झेपत नाही. त्या म्हणाल्या, "मंग नका खाऊ!" भाऊबीजेला खालच्या खोलीत शेगडी आली. वेगळं निघालो असं कुणीच म्हटलं नाही. इंदिरानगरात कुणाला पत्ताही नाही.

७ मे

पहिलाच दरवाजा सहादू आजोबांचा. म्हणाले, "कुटुंब सायखेड्याला गेलंय."

"सगळेच गेले?"

"सगळे कशाला? पोरं, सुना हायेत की घरात. कुटुंब गेलंय!"

मग उजेड पडला. कुटुंब म्हणजे आजी! आमचे आजोबाही असंच म्हणायचे. जिन्यात एकटीच हसत सुटले. आणि म्हणे मी मराठी शिकवते!

८ मे

योगेश आजही नीट जेवला नाही. म्हणे कंपनीत उशिरा नाश्ता झाला. तेजूनेही अर्धी पोळी ताटात टाकली. "आई, भूकच नाही गं." ऊन बाधलं असेल. दोघांना कोकम सरबत दिलं.

१० मे

आज चार मुलींचा फ्लॅट. चौघी चार गावच्या, नोकरीसाठी आलेल्या. स्वयंपाकाचे वार वाटून घेतलेत. म्हटलं, मग तुम्ही एक कुटुंब.

त्यातली स्नेहा डोळे मोठे करून म्हणाली, "आम्ही? अहो मॅडम, कुकर कुणी घासायचा यावरून रोज भांडतो आम्ही!"

आतून दुसरी ओरडली, "मग कुटुंबच झालं की!"

खरं आहे. आमच्याकडे तर भांडायलाही कुणी उरलं नाही. सासूबाई नि मी दुधाचा हिशेब आणि नळाचं पाणी एवढंच बोलतो.

१२ मे

विंचूरचे दोन भाऊ, घर एक, गॅस दोन. मोठी जाऊ साळूबाई. मी दोन कुटुंबं म्हटल्यावर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चूल वायली झाली म्हंजी माणसं वायली झाली व्हय? माज्या कालवणाची वाटी गेल्याबिगर धाकलीचा घास उतरत नाय. विचारा तिला!"

धाकटी लाजून हसली. वाटी तिच्या हातातच होती. नियमाप्रमाणे दोनच लिहिली, पण मनाला पटलं नाही.

मग कुटुंब चुलीत असतं की वाटीत? दिवाळीपासून आमच्या जिन्यावरून एकही वाटी खाली गेली नाही, वर आली नाही. वाईट वाटतं. पण पहिली वाटी कुणी पाठवायची? मीच का? वयाने त्या मोठ्या आहेत ना!

१३ मे

आमच्या गल्लीत गणनेला राखी मॅडम येणार. योगेश म्हणाला, "एकच कुटुंब सांग. उगाच लोकांना तमाशा."

म्हटलं, दिवसभर लोकांना खरं सांगा म्हणत फिरते, आणि स्वतःच्या घरी खोटं सांगू?

एरवी वाद घातला असता. आज मान खाली घालून ताटाशी चाळा करत बसला. जेवलाही नाही. मटकीची उसळ तशीच राहिली. तब्येत दाखवायला हवी दोघांची.

१५ मे

दुपारी राखीचा फोन. मी बाहेर असताना ती घरी येऊन गेली. "उज्ज्वलाताई, एकदा खात्री करते हं. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, चुली दोन. मी विचारलं, खाली कोण कोण जेवतं? तर म्हणाल्या— मी, माझा योगेश आन् नात. मग वरच्या कुटुंबात तुम्ही एकट्याच ना?"

मी म्हटलं, आज काही लिहू नकोस. उद्या ये.

संध्याकाळी गॅस पेटवला नाही. खूप रडले. मग रिकामं ताट घेऊन जिना उतरले. तिघं जेवायला बसले होते. तेजूचा घास हातातच राहिला. योगेश माझ्याकडे बघेना. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, सरकून जागा केली.

"तिखट हाय. चालंल का?"

भाजी जहाल होती. दोनदा मागून घेतली.