अर्धं डाळिंब

प्रिय आबा,

फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणून ठेवून देता, म्हणून कागदावर लिहिते आहे. आईकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा.

सध्या मी रास्ता पेठेत ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात काम करते आहे. पवित्र ग्रंथ ठेवायचं जुनं सागवानी कपाट आहे, दारावर डाळिंबांची वेल. त्यातलं एक डाळिंब वाळवीनं खाल्लं, ते नव्यानं कोरायचं. तिथली व्यवस्था बघणारे रोहेकरकाका आपल्यासारखंच मराठी बोलतात, फक्त जास्त टोचून. गेल्या शुक्रवारी ऊन उतरायच्या आत त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, आमचा विश्रांतीचा दिवस लागतो, आता उद्या अंधार पडेपर्यंत काम बंद. डाळिंब अर्धं झालंय, आणि हे देवाचंच तर काम आहे, असं मी म्हटलं. देवाला घाई नाही, तुला कोणाची आहे, असं त्यांनी विचारलं.

त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आपल्या लोणी गावात आपल्याबद्दलही म्हणतात ना, अमावास्येला सुतार मिळायचा नाही?

त्यांच्या शास्त्रात एका कारागिराची गोष्ट आहे. वाळवंटात देवासाठी मंडप उभारायचा होता. देवानं त्या माणसाला नाव घेऊन निवडलं आणि सोनं, रत्नं, लाकूड घडवायची बुद्धी त्याच्यात भरली. पण कामं सांगून होतात न होतात तोच देव बजावतो, सातव्या दिवशी थांबायचं. स्वतःचंच काम थांबवणारा हा कसला मालक? हत्यार खाली ठेवता येणं हाही कसबाचाच भाग असेल का? मी इतकं विचारलं की काका म्हणाले, पोरी, तू कोरायला आलीयस की आमचा धर्मगुरू, रब्बी, व्हायला?

तेव्हापासून ती अमावास्या डोक्यातून जात नाही. तुम्ही आदल्या संध्याकाळी हत्यारं पुसून, तेल लावून ओळीनं ठेवली होती. हडपसरच्या गिऱ्हाइकाला त्याच दिवसाची तारीख मी दिली होती. आबा, हे सगळं जुनं झालं, असं मी म्हणाले आणि तुम्ही करवतीचं मशीन सुरू केलंत. अमावास्येमुळे तुमची दोन बोटं गेली असं मी मानत नाही. तुम्ही चार दिवस सलग राबून थकला होता आणि ते मला दिसत होतं. दवाखान्यात तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की तुमचंच लक्ष नव्हतं. मी ते खोडून काढलं नाही. दीड वर्ष आपल्या कारखान्याला कुलूप आहे आणि इतके दिवस मी गप्पच होते. काल आईला फोनवर खरं सांगितलं.

त्या गोष्टीत आणखी एक आहे. देवानं त्या कारागिराला दुसऱ्यांना शिकवायचीही बुद्धी दिली. शिकवायला किती बोटं लागतात हे कुठे लिहिलेलं नाही, मी काकांना विचारून खात्री केली. डाळिंबाचा मुकुट मला जमत नाहीये, तिथे रेषा उलटी फिरते आणि कड तुटते. तुम्ही रविवारी या. कपाटासमोर खुर्ची ठेवली आहे. आज पुन्हा शुक्रवार, म्हणून तुमच्या कोरायच्या पटाश्या पुसून, तेल लावून ओळीनं ठेवल्या आहेत, आणि हात मोकळे झाल्यावर हे लिहायला बसले.

तुमचीच,
रुपाली