मामाजींची हापशी

मामाजी, आज दुपारी मी स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली डोकं घालून बसले होते. नळीचं टोक सैल केलं आणि काळ्या, चिकट पाण्याची पिचकारी थेट माझ्या तोंडावर उडाली, तेव्हा तुमची अशी आठवण आली की मी तिथंच फरशीवर फतकल मारून हसत बसले. लेक धावत आला. त्याला वाटलं म्हातारी पडली. मग नेहमीचं सुरू झालं, की आई, प्लंबर आहे ना खाली चौकात, तुला या वयात ही हौस कशाला. त्याला काय सांगू? तुमच्या घरातून मी नागपूरला येताना फारसं काही आणलं नाही, पण मिस्त्रीला बोलवायचं नाही हा हट्ट मात्र पदरात बांधून आणला. बेसिन अजून गळतंच आहे. खाली घमेलं लावलं आहे आणि तुम्हाला लिहायला बसले आहे.

तिरोड्याजवळचं आपलं ते गाव आता तुम्ही ओळखणार नाही. पण मला दिसतं ते तेव्हाचंच. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, आणि मी तुमच्या घरात नवी सून होते. पाणी आणायला गावतळ्याच्या, त्या बोडीच्या, पलीकडच्या विहिरीवर जावं लागे. येताना चढ. डोक्यावर पितळी गुंड, त्यावर दुसरा गुंड, कमरेला घागर. माहेरी मला माय नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही तुमच्याकडेच व्हायचं होतं. मला दिवस राहिले, चौथा लागला, पाचवा लागला, आणि एक दिवस गोंदियाहून बैलगाडीत लोखंडाचे नळ, एक दांडा आणि हिरव्या रंगाचं एक धूड घेऊन तुम्ही दारात उभे. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं हे काय. तुम्ही म्हणालात, बैलांना पाणी पाजायला आणलं. बैल बोडीवर जाऊन मजेत पाणी पीत होते आणि जन्मभर पीत राहिले. माझ्यासाठी आणलं हे तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाही, पण मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मी दाराआड उभी राहून रडले आणि मग पोळ्या करपवल्या.

आपल्यात बोलणं नव्हतंच. सुनेनं सासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही, त्यांच्या सावलीवरून जायचं नाही. मधे आत्याबाई. तुम्हाला चहा हवा तर तुम्ही त्यांना सांगायचं, त्यांनी मला सांगायचं, आणि मी चहाबरोबर उत्तर पाठवायचं. आत्याबाई घरी नसल्या की मोठी पंचाईत. मग तुम्ही ओसरीवर खाकरायचे आणि खुंट्याला बांधलेल्या कालवडीला म्हणायचे, "घरात कोणी असन तं दोराचं भेंडोळं कुठं हाय ते पाहा म्हणा." मीही स्वयंपाकघराच्या दारातून त्याच कालवडीला सांगायची की दोर माळ्यावर आहे. ती बिचारी एकदा तुमच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि कान हलवायची. घरातला असा संसार मी पुढं कुणाला सांगितला तर लोकांना खोटा वाटतो.

हापशी बसवायला गोंदियाचा मिस्त्री आला होता. पहिल्या दिवशी दांडा हाणला आणि धो धो पाणी पडलं, तेव्हा अख्खं गाव अंगणात जमलं होतं. फक्त आत्याबाई सूप घेऊन पाठमोऱ्या बसल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आतल्या दट्ट्याला चामड्याची वाटी असते, तिच्यावरून पाणी येतं. झालं. ते पाणी देवाला नाही, चुलीला नाही, माठात नाही. तुम्ही तिथंच सगळ्यांसमोर विचारलंत, "तुह्या माहेरी मोटेचं पाणी पेत होती, तवा मोट का लाकडाची होती?" आत्याबाईंनी सूप जोरात पाखडलं. आणि तो राग त्यांनी उरी धरला. तरी भांडी, धुणं, आंघोळ, जनावरं, सगळं हापशीवर व्हायला लागलं आणि माझी खेप एकवर आली. ते दोन महिने मी अंगणात नुसती गुणगुणत फिरत असे.

ऐन चैत्रात हापशी बंद पडली. दांडा खाली-वर नुसता खडखड करी, आणि नळातून दमेकरी म्हाताऱ्यासारखा घरघर आवाज येई. मिस्त्रीला निरोप धाडा असं आत्याबाईही म्हणाल्या. तुम्ही पेटलात. म्हणालात, धानाच्या इतक्या बांध्यांत पाणी फिरवतो मी, कोणत्या बांधाच्या पाळूला कुठं भोक आहे ते अंधारात पायानं सांगतो, आणि हा एक नळ वठणीवर येत नाही का. मामाजी, तिथंच घोडं पेंड खात होतं. तुमच्या जन्माचं सगळं ज्ञान उताराला जाणाऱ्या पाण्याचं होतं. हे पाणी वर चढवायचं होतं, आणि त्याला तुमचा स्वभाव माहीत नव्हता.

मग जे सुरू झालं त्याला दुरुस्ती म्हणावं की युद्ध, मला अजून कळत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही वरचं डोकं उघडलं आणि आतून कुजक्या अंड्यांचा असा वास सुटला की कालवड दोर तोडून पळाली. दुसऱ्या दिवशी आतून गंजाचा लाल चिखल निघाला आणि त्या चिखलात एक बेडूक, जिवंत, तुमच्याकडे डोळे वटारून बघत होता. एकदा तुमचं बोट नळाच्या पेचाच्या आट्यांत सापडलं, तेव्हा तुम्ही त्या हापशीच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात आणि मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. सांध्यांना सुतळी गुंडाळून सफेदा लावायचा असतो, तो पांढरा, तेलकट, चिवट सफेदा. तो सांध्यांना कमी आणि बाकी सगळ्यांना जास्त लागला. तुमच्या मिशांना, दाराच्या कडीला, बैलाच्या शिंगाला, आत्याबाईंच्या इरकली लुगड्याला. त्यांनी ते लुगडं तुमच्यासमोर दोन्ही हातांनी पसरून धरलं, आणि तुम्ही मान वळवून आभाळाकडे बघत राहिलात.

पण माझ्या जिवाशी खेळ वेगळाच होता. हापशीला पाणी द्यायला आधी तिलाच पाणी पाजावं लागतं. वरून ओतायचं, मग दांडा हाणायचा. तुम्ही पहिला गुंड ओतला, गडप. दुसरा ओतला, गडप. आणि तो गुंड आणणार कोण? मीच, बोडीपलीकडून. माझ्या खेपा कमी करायला आणलेली ती वस्तू माझं सगळं पाणी पिऊन बसायची. आणि तुमचं तिकडं लक्षच नाही, तुम्ही कालवडीला सांगून राहिले, "अजून एक गुंड लागन म्हणा." सातवा लागला होता मला. एका सकाळी चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली, मी गुंडासकट खाली बसले, आणि शेजारच्या बायांनी मला धरून घरी आणलं.

त्या दिवशी आत्याबाई तुमच्याशी भांडल्या नाहीत, आणि त्यामुळेच मला भीती वाटली. त्या शांतपणे म्हणाल्या, "अक्षयतीजेपर्यंत पाणी आलं तं ठीक. नाही तं हे उपटून मोडीत धाडीन. माही सून याच्या पायी मरून राहिली." मला मधे ओरडून सांगावंसं वाटलं की नका हो, मोडीत नका धाडू. हापशी गेली की पावसाळाभर, बाळंत झाल्यावरही, त्याच चढावरून मी. आणि बाळाला घरी ठेवून. त्यांनाही ते कळत होतं. पण त्यांनी शब्द दिला होता, आणि आत्याबाई दिलेला शब्द फिरवत नसत. माझा नवरा तेव्हा सालेकशाकडं तेंदूपत्त्याच्या फडावर मुनीम होता, तो महिनाभर घरी येणार नव्हता. म्हणजे माझं जे काय व्हायचं ते तुमच्या त्या सफेदा लागलेल्या हातांत होतं.

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी तुम्ही शेवटचा डाव मांडला. जुन्या मोटेचं कातडं शोधून आणलंत, त्याची गोल चकती कापली, मोहाच्या बियांच्या तेलात मुरत ठेवली आणि ठोकून ठोकून तिची वाटी केलीत. फार देखणी झाली होती ती वाटी. जुनी फाटकी वाटी तुम्ही बाजूला फेकली ती मी उचलून ठेवली होती. ती दट्ट्यावरून काढताना मी दारात उभी होते आणि मला नीट आठवत होतं की तिचं तोंड आभाळाकडं होतं. तुम्ही नवी वाटी बसवलीत ती पालथी. पेल्यावर झाकण घालावं तशी. तुम्हाला वाटलं असेल, पाणी गळू नये म्हणून झाकलेलं बरं.

मी बघते आहे. तुम्ही सगळं बंद करता, सुतळी गुंडाळता, सफेदा लावता, गुंड ओतता, दांडा हाणता. घरघर. पुन्हा सगळं खोलता, चिखल काढता, तीच वाटी तशीच पालथी बसवता. मी कालवडीला म्हणते, वाटी उलटी आहे गं. तुम्ही ऐकत नाही, तुमच्या कानात फक्त लोखंड वाजतं आहे. मी बांगड्या वाजवते. तुम्हाला वाटतं, सून पाणी आणायला निघाली, तर तुम्ही रिकामा गुंड माझ्याकडे सरकवता. आत्याबाई उद्या पितरांना पाणी द्यायचे मातीचे करे धुऊन ओसरीवर पालथे घालत बसल्या आहेत. तिसऱ्यांदाही घरघर झाली तेव्हा तुम्ही उभे राहिलात. तुमचं तोंड मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा. घामानं, चिखलानं भरलेलं, आणि डोळे अगदी हरलेले. तुम्ही म्हणालात, "उद्या गाडी जुंपतो. घेऊन जा मोडीत," आणि पाठ फिरवून हातातला पाना मागं भिरकावलात.

आणि मी बोलले.

"मामाजी, वाटीचं तोंड वर पाह्यजे."

जरा जास्तच जोरात निघाला आवाज. शेजारच्या अंगणातला उखळाचा ठोका थांबला. आत्याबाईंच्या हातातून करा सुटता सुटता राहिला. मला वाटलं आता धरणी दुभंगली तर बरं. तुम्ही वळला नाहीत. पाठमोरे उभे होता, आणि तुमची पाठ हलायला लागली. मला वाटलं रागानं. मग कळलं, तुम्ही हसून राहिला होता. म्हणालात, "मंग इतका वेळ वासराले काय सांगून राह्यली होती? धर हे."

त्या दिवशी आपण दोघांनी ती हापशी उघडली. मी दट्ट्या धरला, तुम्ही वाटी सुलटी केलीत. पदर कधी खांद्यावर आला मला कळलं नाही, आणि कळल्यावरही हात मोकळे नव्हते. तुम्ही विचारत होता, इकडून फिरवू का, मी म्हणत होते, थोडं अजून, थोडं अजून. तोंडावर चिखल उडाला माझ्या, तुमच्या धोतरावर उडाला. शेवटचा गुंड ओतला. दांडा जड लागला. जड लागला म्हणजे काय ते आज या जगात मला एकटीलाच माहीत आहे, मामाजी. मग आधी लाल, मग पिवळं, मग गढूळ, आणि मग स्वच्छ, थंडगार पाणी आलं. मी ओंजळी भरभरून तोंडावर मारलं आणि सासऱ्यासमोर खदखदून हसले. आत्याबाई म्हणाल्या, लाज सोडली पोरीनं. पण त्या उठल्या, आणि तिथंच, त्या चामड्याच्या पाण्यानं, त्यांनी स्वतःच्या हातानं माझे पाय धुतले. पितरांचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशी विहिरीचंच भरलं, आणि ते आणायला त्या स्वतः गेल्या.

लेक झाली ती त्याच पाण्यानं न्हाली. त्यानंतर तुम्ही मला सगळं विचारायला लागलात, बी कोणतं टाकायचं, बैल विकायचा का. आणि गावभर, तिरोड्याच्या बाजारात, गाडीत, लग्नात, तुम्ही एकच गोष्ट सांगत फिरलात की माही सून लय धीराची, भर अंगणात सासऱ्याले चूक दाखवली. तुमच्या तेराव्याला आलेल्या लोकांनीही मला हीच गोष्ट सांगितली. घरातली पोरं आजही सांगतात. मुलींना तर सांगतातच, की आजी बघा, तोंड उघडायला घाबरली नाही.

हे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मामाजी, मी धीर बिर काही केला नव्हता. तुम्ही भिरकावलेला तो पाना माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला होता, लुगड्याखाली, कुणाला दिसला नाही. कळ अशी गेली मस्तकात की तोंड आपोआप उघडलं, आणि किंकाळी यायची तिथं जे मनात घोकत होते तेच बाहेर पडलं. पुढं आठवडाभर तुम्ही विचारत होता, लंगडून काऊन राहिली, आणि मी म्हणत होते, काटा मोडला.