वन्संची बॅग आणि माझी अनासक्ती

ता. ३, सोमवार
आले: खोके एक. त्यात मऊ कापडाची पिशवी, पिशवीत हिरवी बॅग, बॅगेला लटकणारे नखाएवढे सोनेरी कुलूप, किल्ल्या दोन. शिवाय गुलाबी कागद पुष्कळ (खणांत घालण्यास उत्तम). आमचा खर्च: कुरियरवाल्यास सरबत, एक पेला. बॅगेची किंमत आतल्या पावतीवर होती. शून्ये दोनदा मोजली आणि खाली बसले.
बॅग वन्संची. स्वतःच्या घरी मागवली असती तर त्यांच्या यजमानांना कळले असते, म्हणून आमच्या पत्त्यावर. महिनाअखेर येऊन नेणार. वापरू नये, अशी चिठ्ठी. मला काय करायचीय वापरून? माझी कापडी पिशवी लग्नाआधीपासून चालू आहे.

ता. ५
मुलगी बॅग पाहून किंचाळली. म्हणाली, आई, ही कोण आहे माहितेय का? बॅग ‘कोण’ कशी असेल? तर म्हणे एक गायिका हिच्याशिवाय स्टेजवर येत नाही आणि पहिली टाळी बॅगेला पडते. जगाला वेड लागले आहे.
बाजारात पाहिले. छत्रीवर हीच, कपावर हीच, न्हाव्याच्या भिंतीवरही हीच. बायकांच्या हातात नकला. आमची अस्सल. केवळ नोंद म्हणून लिहिते.

ता. ८
चामड्याला हवा लागली नाही तर बुरशी धरते. म्हणून प्रार्थना मंडळात नेली. वापरायला नव्हे, हवेला. अध्यक्षबाई मला कायम ‘अहो, कोपऱ्यातल्या’ म्हणतात. आज हाताला धरून पुढे बसवले. विचारले, तुमचीच ना हो? मी जपात होते. मध्येच बोलणे योग्य नव्हते.

ता. १२
सभागृहाची किल्ली माझ्याकडे सोपवली. मी जबाबदार दिसते म्हणे. एवढ्या वर्षांनी साधनेचे तेज आले असावे. उद्यापासून बॅग नेणार नाही.

ता. १३
नेली. किल्ली कशातून नेणार?

ता. १६, दुपार
बायका बॅगेत डोकावतात. यापुढे कुलूप. आमच्या घरात किल्ल्या हरवत नाहीत, कारण मी सगळ्या जोडीने, एकाच जागी ठेवते. दाराच्या दोन्ही (हे विसराळू, म्हणून यांचीही माझ्याकडे), सभागृहाची, आणि या कुलपाच्या दोन्ही. एकत्र बांधून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. कुलूप दाबले. टक्क. फार श्रीमंत आवाज.

त्याच दुपारी, थोड्या वेळाने
अरे देवा.

ता. १७
हे म्हणाले, पक्कड आणतो. मुलगी बॅगेवर आडवी पडली. ओरखडा जरी आला तरी आत्या आयुष्यभर बोलणार नाही, म्हणाली. किल्लीवाल्याला बोलावले. तो म्हणाला, ताई, हिला हात लावायची आपली छाती नाही. मग हिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला.
दार बाहेरून बंद करता येत नाही, म्हणून मी घरात. हे म्हणाले, दाराला नवे कुलूप घेऊ. जुन्याच्या दोन्ही किल्ल्या धडधाकट असताना? ही उधळपट्टी मी होऊ देणार नाही. एकांतवास साधनेला चांगलाच.

ता. २१
सभागृह बंद, म्हणून मंडळ आमच्याकडे भरते. उपस्थिती तिप्पट. भक्ती वाढली आहे. मात्र डोळे मिटायच्या वेळी सगळ्यांचे डोळे बॅगेवर. कोणीतरी तिच्यापुढे फूल ठेवले. मी उचलले. अध्यक्षबाई बघत होत्या, म्हणून परत ठेवले.
भाजी शेजारीण आणून देते, तिच्या मनाने. आज पुन्हा कोबी. खिडकीतून रस्ता दिसतो. रस्त्याने तीन हिरव्या बॅगा मोकळ्या फिरत गेल्या. नकलाच, पण फिरत होत्या.

ता. २४
वन्संना लिहिलेल्या पत्राची नक्कल. (त्यांचा फोन यजमान उचलतात, म्हणून पत्र, ऑफिसच्या पत्त्यावर.)

ती. वन्संना सा. न. वि. वि.
बॅग खुशाल आहे. आत कोणीही हात घातलेला नाही, घालणे शक्यही नाही. सहज विचारते, अशा बॅगांना तिसरी किल्ली येते का? येत असल्यास आपल्याकडे आहे का? आणि न्यायला याल तेव्हा जिन्यात मंडळातल्या कोणी भेटल्यास बॅग कोणाची, हे आपण होऊन सांगू नये. मीही कधी सांगितलेले नाही.
उलटटपाली कळवावे. मी केव्हाही घरीच असते.