सातावर एक रेघ

टोलेडो, ओहायो
बुधवार, २६ मार्च २०२५

प्रिय कॅझिमिर,

मंगळवार, १४ जानेवारी, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या बिलियर्ड्स-पूलच्या हॉलच्या काउंटरवर क्लेमच्या नावापुढे सात हा आकडा पडला. अन्याय कधी झाला ते आधी लिहावं आणि कोणी केला ते मागाहून. जमिनीच्या नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं मी हेच करत आले.

तुझा गुडघा बरा असेल. इकडे सर्व ठीक, असं यापुढे लिहायची रीत आहे, पण ते खोटं मी लिहिणार नाही.

क्लेमला १३ मार्चला, गुरुवारी सकाळी दुसरा झटका आला. हॉलमध्ये कोणी ना कोणी तुला सांगितलंच असेल. उजवी बाजू पूर्ण गेली, वाचाही गेली. नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवलाय. मी सकाळी नऊला जाते, त्याला पातळ सूप भरवते, अर्धं हनुवटीवरून खाली येतं. अठ्ठेचाळीस वर्षं काचेच्या कारखान्यातल्या भट्टीपुढे उभा राहिलेला माझा नवरा, आता खोलीतल्या हीटरलाही कुडकुडतो. पण त्याला कळतं सगळं. हे लक्षात ठेव, कारण पुढे त्याचं काम आहे.

आता तुझ्या लीगबद्दल. नियम सरळ आहे, मला मान्य आहे. ज्याचा जो नंबर, तितके डाव त्याने आधी जिंकायचे. तीनवाल्याने तीन, सातवाल्याने सात. कच्च्याने आणि पक्क्याने एका टेबलावर लाज न वाटता उभं राहावं, यासाठीच तू हे सगळं मांडलंस. पण पहिला नंबरच चुकला तर? पुढच्या खेळांनी तो हळूहळू उतरतो, असं तू म्हणतोस. हळूहळू! त्र्याहत्तर वर्षांच्या, उजवा हात थरथरणाऱ्या माणसाला तू ‘हळूहळू’ सांगतोस!

आठ मंगळवार तो खेळला आणि आठही हरला. पहिल्या झटक्यानंतर दोन वर्षं तळघरात एकटाच पूलची काठी घासत बसायचा, मीच त्याला बाहेर काढलं. चार माणसांत जाईल, हसेल, असं वाटलं होतं. हसली ती बाकीची माणसं. त्याचा सोपा बॉल खिशाच्या कडेला आपटून परत आला की मागून आवाज यायचा, “हा सात? बॉल नव्हे, रिचवलेले ग्लास मोजले असतील!” संघाची कॅप्टन टाशा मनाने वाईट नाही, पण तिला पाच खेळाडूंच्या नंबरांची बेरीज बावीसच्या आत बसवायची असते. ती म्हणाली, “क्लेम आजोबा, एखादा मंगळवार सुट्टी घ्या की. तुमचा सात धरला की माझे दोन चांगले खेळाडू बाकावर बसतात.” तो म्हणाला, “बरं, पोरी.”

४ मार्च आठवतो तुला? उपवासाचे दिवस सुरू होण्याआधीचा मंगळवार. मी गोड सारण भरून तळलेल्या पोंच्कींचा खोका आणला होता, त्यातल्या आलुबुखाराच्या दोन तू उभ्याउभ्या खाल्ल्यास. क्लेमपुढे ड्वेन होता, गोदामात माल उचलण्याची गाडी चालवतो तो. त्याचा नंबर चार. त्या दिवशी क्लेमचा हात कुणास ठाऊक का स्थिर होता. दोन-दोन झाले. पाचव्या डावात शेवटचा काळा बॉल टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. क्लेम वाकला, थांबला, श्वास सोडला, आणि बॉल सरळ खिशात. तीन-दोन. तो वळून माझ्याकडे बघत म्हणाला, “जिंकलो का गं?”

ड्वेन हसला. “अहो आजोबा, कुठे जिंकलात? अजून चार हवेत!”

पुढचे दोन डाव ड्वेनने घेतले आणि सामना संपला.

पुढच्या मंगळवारी मी काउंटरवर मूठ आपटून काय बोलले ते सगळ्या हॉलने ऐकलं, तरी लिहिते. “सत्त्याऐंशीच्या फायनलमध्ये यानं तुला हरवलं, ते अजून तुझ्या घशात अडकलंय! म्हणून याच्या गळ्यात हा सात बांधलास!” तू माझा धाकटा भाऊ. तू उलट बोलशील, ओरडशील, याची मी वाट पाहत होते. तू एवढंच म्हणालास, “बर्नी, घरी जा. क्लेम दमलाय.” तुझा हात ड्रॉवरच्या मुठीवर होता. मी पाहिला. तू ड्रॉवर उघडला नाहीस.

त्या ड्रॉवरमध्ये काय आहे ते तुला ठाऊक आहे. मलाही आहे. ते लिहायला मला दोन पानं लागली, म्हणजे बघ.

अनोळखी खेळाडूला तू दहा डाव खेळवून बघतोस. ओळखीच्या खेळाडूचा अंदाज त्याला ओळखणाऱ्या माणसाने कागदावर लिहायचा आणि खाली सही करायची, ही तुझी पद्धत. १४ जानेवारीला तू तो कागद माझ्यापुढे सरकवलास. क्लेम शेजारच्या स्टुलावर काठी पुसत बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू लिही. तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. आदल्या रविवारी तळघरात मी पायरीवर बसून मोजलं होतं. दहा सोप्या बॉलपैकी दोन गेले. तो तीन होता, कॅझिमिर. कदाचित दोनच. पण तो शेजारी बसलेला असताना माझ्या हाताने तीन लिहवेना. मी सात लिहिलं.

तू विचारलंस, “बर्नी, सात? नक्की? दोन डाव खेळवून बघू या का?” आणि मी म्हणाले, “त्याची परीक्षा घेणारा तू कोण?” क्लेमने ऐकलं. त्याची मान किती ताठ झाली होती! त्या ताठ मानेच्या मोबदल्यात मी त्याला आठ मंगळवार विकत घेऊन दिले.

चाळीस वर्षं तू लबाड पकडत आलास. पाच असून तीन सांगणारे, मुद्दाम हरणारे. तुझे सगळे नियम त्यांच्यासाठी. तीनाचा सात करणारी बाई तुझ्यापुढे बसेल, हे तुझ्या ध्यानात कसं यावं? आणि क्लेमच्या देखत तो कागद बाहेर काढला नाहीस, याबद्दल मी आभार मानायला हवेत. मला ते नीट जमत नाही. हे त्यातच धर.

आता काम. तो डाव्या हाताची बोटं उचलतो. आधी तीन, मग दोन. दिवसातून वीस-वीस वेळा. नर्सला वाटतं तो वेळ विचारतोय, ती घड्याळ दाखवते. मी काय दाखवू?

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अलॉयशिया चूक खोडू देत नसे. चुकीवर एकच रेघ, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी बरोबर उत्तर, आणि सही. तो कागद काढ. सातावर एक रेघ मार, शेजारी तीन लिही. ‘सात मी लिहिला, चूक माझी’ असं लिहून सही केलेली चिठ्ठी सोबत आहे, ती त्याला टाचून ठेव आणि खाली तुझी सही कर. ड्वेनलाही सांग. बाकीच्या सात मंगळवारांना हात लावू नकोस. मी गुण तपासलेत, तीन नंबरनेही ते सामने तो हरलाच असता. मला दया नकोय. एकच सामना हवाय, जो तो जिंकला होता.

लीगच्या कागदावर लिही: ४ मार्च, क्लेमन्स युरेक, तीन-दोन, विजयी. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि मी तुझ्यावर खेकसेन.

शनिवार, २९ मार्च, दुपारी बाराच्या आत, लेखी, माझ्या हातात. त्यानंतरही वाचून दाखवायला मी असेन. ऐकणारा असेल, असं डॉक्टर सांगत नाहीत.

तुझी थोरली बहीण,
आणि त्या कागदावरची पहिली सही,
बर्नाडेट