ओब्दुलियापेक्षा चांगला मोले

२४ ऑक्टोबर
आजपासून घरी जेवणार नाही. म्हणजे नाहीच! भाचीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात एवढंच म्हणालो, की बायकोच्या, ओब्दुलियाच्या काळ्या मोलेला, म्हणजे मिरच्यांच्या त्या दाट रश्श्याला, जळका वास येतोय. ओब्दुलिया म्हणाली, अहो, मिरच्या जाळल्याशिवाय मोले काळा होतो का? सगळा मांडव फिदीफिदी हसला. अख्ख्या मेक्सिकोत मोलेसाठी नावाजलेलं हे वाहाका शहर, इथे हिच्यापेक्षा चांगला मोले मिळणारच. तो शोधायचा आणि ताठ मानेनं घरी जायचं. तोवर मुक्काम माझ्या सलूनमध्ये.

२५ ऑक्टोबर
बाजारात रेमेदियोसवहिनींची खानावळ. बायकोची जिवलग मैत्रीण, पण धंदा तो धंदा. म्हणाल्या, भाऊजी, आमचाही जळकाच असतो हो, तुम्हाला नाही सोसायचा. पातळ घेवड्याची आमटी दिली. मुद्दाम.

२७ ऑक्टोबर
चर्चमागचं झकपक रेस्टॉरंट. परातीएवढी बशी, दोन चमचे मोले, वर एक फूल. वेटर म्हणाला, फूलही खायचं असतं. खाल्लं. त्यातल्या त्यात तेच बरं होतं.

२९ ऑक्टोबर
दाढी करता करता गिऱ्हाइकांना विचारलं, शहरात सगळ्यात चांगला मोले कुठे? सगळ्यांनी माझ्याच घरचा पत्ता दिला. लोकांना चवच राहिली नाही.

३१ ऑक्टोबर
पँट सैल झालीय. तब्येतीला उत्तमच. ओब्दुलियाचा निरोप नाही. रडत असणार बिचारी, लाजत असणार.

१ नोव्हेंबर, दुपार
मेलेली माणसं जेवायला घरी यायचे दिवस. घराघरातून मिरच्यांचा धूर. खानावळी बंद. सलूनमध्ये खाण्यासारखं काही नाही, दाढीचा साबण सोडून. विचार केला, आपणच मोठं मन करावं. उद्या तिला माफ करून टाकतो.

२ नोव्हेंबर
घरी गेलो. मेलेल्यांसाठी मांडलेल्या वेदीवर झेंडू, मेणबत्त्या, सासऱ्यांचा फोटो, सासूबाईंचा फोटो. शेजारी माझा! लग्नातला. पुढ्यात टर्कीची तंगडी, वर मोले नुसता ओथंबलेला.

म्हटलं, अगं, मी जिवंत आहे! ओब्दुलिया म्हणाली, घर सोडून गेलेल्यांचं ताट मांडायचं असतं. गेला होतात ना?

तंगडीला हात घातला, तर सटकन फटका बसला. गेलेली माणसं नुसता वास घेतात, विसरलात वाटतं, म्हणाली. मला भडभडून आलं. म्हटलं, चुकलो गं. तर म्हणते, गेलेली माणसं बोलतही नाहीत.

आमच्या दोघी मुली रिकामी ताटं घेऊन खोळंबल्या होत्या. मेलेले पाहुणे परत गेल्याशिवाय घरच्यांना त्या ताटाला हात लावता येत नाही. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

ओब्दुलियानं दार उघडून धरलं. म्हणाली, घेतलात ना वास? मग निघा आता, पोरींना भूक लागलीय.