समोरच्या टेबलावरचा मित्र

३ मार्च
समोरच्या टेबलावरचे ड्राफ्ट्समन गेले. गुरुवारी होते, शुक्रवारी नव्हते. या नकाशा विभागात बावीस वर्षं समोरासमोर बसलो, म्हणून शोकसभेत साहेबांनी मलाच उभं केलं. 'अतिशय वक्तशीर' म्हणालो आणि गाडी अडली. मग माझ्याच पाइपलाइनच्या नकाशांवर बोललो. भाषण एकंदर छान झालं.

४ मार्च
माझ्या वेळी असं होता कामा नये. लोकांनी मला आठवून हळहळलं पाहिजे. संकल्प : रोज प्रत्येकाची आपुलकीने विचारपूस. शिपायाला विचारलं, घरी सगळे बरे ना? तो म्हणाला, काय काम होतं साहेब?

७ मार्च, दुपारी ३
समोरची खुर्ची करकरली. मान वर केली तर ते बसलेले. शर्ट, खिशाला पेन, पट्टीवर हात, सगळं जागच्या जागी. फक्त चेहरा नाही. ॲसिडिटी असावी.

८ मार्च
विचारपूस तहकूब. लोकांना सवय नाही.
बायको इस्त्री करत होती. विचारलं, मी गेल्यावर तुला माझं काय आठवेल? म्हणाली, पलंगावरचा ओला टॉवेल. लाजते बिचारी. मग तिने विचारलं, आणि तुम्हाला माझं? म्हटलं, पुष्कळ आहे, सवडीने सांगतो.

११ मार्च
ती खुर्ची स्टोअरमध्ये टाकायला लावली. प्रश्न मिटला.
दुपारी ३. ते उभे होते.
त्यांना चष्मा होता का, असं शिपायाला सहज विचारलं. म्हणाला, समोर तर तुम्ही बसायचात. उद्धट माणूस.

१४ मार्च
त्यांची मुलगी ड्रॉवर रिकामा करायला आली. म्हणाली, "काका, बाबा घरी अवाक्षर बोलायचे नाहीत. म्हणायचे, ऑफिसात समोर मित्र आहे, बोलणं सगळं तिथेच होऊन जातं. काय बोलायचे हो?"
म्हटलं, तुझंच कौतुक. अभ्यासात फार हुशार म्हणायचे.
"मी दहावीला दोनदा नापास झालेय, काका."
मी पेन्सिलला टोक काढत बसलो.
"म्हणजे इथेही नाही," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.
मी जिना उतरून रस्त्यापर्यंत मागे गेलो. ती बरीच पुढे गेली होती. थांबवायचं होतं, पण हाक मारायला तिचं नाव माहीत नव्हतं.